चांगुणा, यमी आणि एका घराचा अर्ज

कऱ्हाडला परत येऊन आठवडा झाला. भेटेल तो विचारतो, "काय बाई, कर्जतला गेला होतात म्हणे! माथेरान केलंत का?" नाही केलं. धबधबेही नाही बघितले, जानेवारीत कुठले आलेत धबधबे? कोणाच्या फार्महाऊसवर जाऊन झोपाळ्यावरही बसले नाही. मी तिथं दोन चुली बघितल्या आणि एक अर्ज बघितला. असं सांगितलं की माणसं माझ्याकडे काळजीनं बघायला लागतात. म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, म्हणजे दर वेळी घसा कोरडा करायला नको.

मी इतिहासाची शिक्षिका. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोर चार माणसं बसली की माझा हात खडू शोधतो. ही खोड या प्रवासात मला चांगलीच भोवली.

मोहोपाडा, २३ जानेवारी

माझी जुनी विद्यार्थिनी शीतल खालापूर तालुक्यात मोहोपाड्याला राहते. नवरा रसायनीच्या एका कारखान्यात, आणि ती स्वतः ग्रामसेविका, तीही कर्जत तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कशेळ्याच्या पलीकडे. रोज जायला दीड तास, यायला दीड तास. शाळेत असताना ही पोरगी फळ्यासमोर उभी राहिली की थरथरायची. आता तीन गावं आणि पाच वाड्या तिला "मॅडम" म्हणतात.

तिच्या कॉलनीतल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि "काहीतरी इतिहासातलं सांगा बाई" असं आमंत्रण होतं. मी विषय निवडला जनानखाना. हॉलमध्ये साठेक बायका, पुढे तिळगुळाच्या परड्या, मागे वाण म्हणून द्यायचे प्लॅस्टिकचे डबे. मी सुरुवात केली आणि मग सुटलेच. राजांचे जनानखाने, तिथल्या उंच भिंती, पहारे, दर्जाप्रमाणे ठरलेलं जेवण आणि ठरलेली खोली. आत शेकडो बायका, पण मानाची जागा एकच, आणि तीही मुलगा झाला तर. मग मी माझ्या आईवर आले. माझं माहेर माणदेशातलं, घरात गोषा. आई चाळीस वर्षं एका गावात राहिली आणि त्या गावाची बाजारपेठ तिनं कधी बघितली नव्हती. देवळात जायचं तर बैलगाडीला चहूबाजूंनी पडदे. ती मला सांगायची, "आता लोहाराचं दुकान आलं बघ, आता पिठाची गिरणी." सगळं आवाजावरून. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग हळदीकुंकवाचं तबक फिरू लागलं. एक चुणचुणीत मुलगी सगळ्यांना कुंकू लावत माझ्यापर्यंत आली आणि थबकली. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, हे तिला कोणीतरी सांगितलं असणार. तिचं बोट करंड्यात तसंच राहिलं. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. आत्ता पाच मिनिटांपूर्वी ह्याच बायकांनी जनानखान्याच्या नावानं बोटं मोडली होती! मी कपाळ पुढे केलं आणि म्हटलं, "लाव गं, मला काही होत नाही." तिनं लावलं. नंतर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि सगळ्यात मोठा तिळाचा लाडू माझ्या हातात ठेवला.

घरी जाताना शीतल म्हणाली, "बाई, माझ्याकडे एका वाडीत दोन बायकांचं घर आहे. नवरा एक, बायका दोन, आणि सरकारी घरकुल मंजूर झालंय एक. घर कोणाच्या नावावर करायचं ते ठरत नाहीये. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झालाच पाहिजे, नाहीतर नाव पुढच्या यादीत ढकललं जाईल. येता का? तुम्ही बोललात तर त्या ऐकतील."

आता मला कोणी असं म्हटलं तर मी घरी बसणार आहे थोडीच!

कशेळे आणि वर वाडी, २४ जानेवारी

चौक गावावरून कर्जत, कर्जतवरून कशेळे. कशेळ्याच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत बसलो. नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा माणसं, एक शिलाई मशीन आणि माझी हँडबॅग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं, आणि त्याच ओलीवर पेरलेला वाल हिरवागार उभा. मध्येच सावरीची झाडं, पान एक नाही आणि लाल फुलं अंगभर. समोर सह्याद्रीची भिंत. आमच्याकडून आम्ही सह्याद्री पाठीमागून बघतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

जीप जिथं थांबते तिथून वाडी अर्ध्या तासाच्या चढावर. शीतल पुढे ढांगा टाकत चाललेली, मी मागे धापा टाकत. निम्म्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आता काय करावं असा विचार करत दगडावर बसले, तर वरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई उतरली. पन्नाशीला टेकलेली, काटक. मोळी खाली ठेवून तिनं माझी चप्पल हातात घेतली, शेजारच्या झाडाची साल सोलून दोरी वळली आणि दोन मिनिटांत अंगठा बांधून दिला.

"लांबून आलाव?" तिनं विचारलं.

"कऱ्हाडहून."

"एवड्या लांबून न् असली चप्पल?" असं म्हणून ती खळखळून हसली. हीच चांगुणा. घरातली थोरली.

वाडी ठाकरांची, तीसेक घरांची. आपापसात त्यांची वेगळी बोली, मला अर्धी कळायची. माझ्याशी मात्र बाजारातली भाषा बोलायचे. चांगुणाचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पण मागची भिंत कलली होती आणि तिला दोन वासे टेकू दिले होते. पावसाळ्यात भिंत राहील की नाही, ह्याची घरात सगळ्यांना धास्ती. अंगणात धाकटी यमी वाल निवडत बसली होती. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. तिला दोन मुलं, दोन्ही खाली आश्रमशाळेत. चांगुणाला मूलबाळ नाही. आणि नवरा कमळू, शांत, बारीक, कानावर विडी अडकवलेला, दाराशी टोपली विणत बसलेला.

मी मनातल्या मनात टाचणं काढायला लागले. थोरली, वांझ म्हणून मागे पडलेली. धाकटी, मुलगा असल्यामुळे वरचढ. मधे नवरा. हुबेहूब माझं व्याख्यान! पहिला धक्का बसला तो यमी नवऱ्याला हाक मारताना. "कमळू, पानी आन रं." आमच्याकडे "अहो"च्या पुढे नवऱ्याला नाव नसतं. मी माझ्या यजमानांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. आणि कमळू उठला, हंडा घेतला आणि पाणी आणलंही.

संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा, आणि मडकं उपडं करून वर गवत-काटक्यांचा जाळ. आमच्याकडे हुरडा, तशी इकडे पोपटी. पण हुरड्यात हा पाल्याचा वास नाही, खोटं कशाला बोलू. मी बोटं चाटत खाल्ली.

खाताना मी चांगुणाला विचारलंच. "दुसरी बायको आणली तेव्हा तुला राग नाही आला?"

"आला ना. दोन दिस जेवले नाय." ती शेंग सोलत म्हणाली. "मंग मीच गेले पोरगी बघाया. म्हटलं, घरात येनार तर माज्या पसंतीची येनार. आमच्यात पोरीच्या बापाला देज द्यावं लागतं. मी दोन हंगाम भट्टीवर इटा थापल्या, त्यातनं हिचं देज दिलं."

मी शेंग तशीच हातात धरून बसले. आमच्याकडे मुलीच्या बापाला हुंड्यासाठी जमीन विकावी लागते, हे ठाऊक होतं. सवतीसाठी विटा थापलेली बाई मी पहिल्यांदा बघत होते.

"अन् मला पयल्या दिसाला म्हनली," यमी हसत म्हणाली, "भाकर मी थापीन, तू कालवन कर. माजी भाकर तुला जमायची नाय. आजून पन थापू देत नाय मला."

मग शीतलनं अर्ज काढून सगळं पुन्हा समजावून सांगितलं. एका कुटुंबाला घर एक. अर्जात नावाच्या दोन ओळी, एक मालकाची, एक सहमालकाची. घर बाईच्या नावावर व्हावं असं सरकारचं म्हणणं, म्हणून पहिल्या ओळीत बायको, दुसऱ्या ओळीत नवरा, ही चालत आलेली पद्धत. प्रश्न एवढाच, की बायको कोण? दोघींचं जमलं नाही तर घर एकट्या कमळूच्या नावावर करायचं, असं वाडीतल्या पुरुषांनी ठरवून टाकलं होतं. कमळूला तीन भाऊ आणि तिघांचं ह्या जागेवर लक्ष. कमळूच्या पश्चात काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शीतल खालच्या गावात मुक्कामाला गेली, मी वर राहिले. ती गेल्यावर शेजारची एक बाई कुजबुजत आली. पलीकडच्या वाडीत म्हणे एका घरात दोन चुली दाखवल्या, तर दोन कुटुंबं धरून दोन घरं मिळाली. उद्या सकाळी तालुक्याचे साहेब तपासणीला येणारच आहेत. दोन चुली मांडा की!

आता खरं म्हणजे मी वयानं मोठी, शिकलेली, मी म्हणायला हवं होतं, "असलं काही करू नका." मी काय केलं? मी पदर खोचला आणि पडवीत तीन दगड कुठं बसतील ते दाखवायला लागले. दोन घरं मिळाली तर प्रश्नच मिटला! चांगुणाला तिचं, यमीला तिचं. मी दोघींकडून पाठही करून घेतलं. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, "आमची चूल वेगळी." दोघींनी शाळेतल्या मुलींसारखं म्हणून दाखवलं.

वाडी, २५ जानेवारी

साहेब सकाळीच आले. चांगला माणूस होता, चढून चढून घामाघूम झालेला. बरोबर शीतल. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बघितलं, मधघरात एक चूल पेटलेली, पडवीत दुसरी पेटलेली. शीतलनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"तुमची चूल कुठली?" साहेबांनी यमीला विचारलं.

"ही पडवीतली. आमची चूल येगळी हाय." शाबास, मी मनात म्हटलं.

"काय शिजवलंय?"

"वालाचं कालवन."

"आणि भाकरी?"

"भाकर तिकडं चांगीबायच्या चुलीवर."

साहेब मधघरात गेले. "मावशी, तुमची चूल वेगळी?"

"व्हय, येगळी हाय."

"कालवण कुठाय?"

"पडवीत यमी करते ना," चांगुणा म्हणाली, आणि साहेब एवढे चढून आलेत, उपाशी कसे जाणार म्हणून तिनं आपल्या चुलीवरची भाकरी ताटलीत घेतली, पडवीत जाऊन तिच्यावर यमीच्या चुलीवरचं कालवण वाढलं आणि ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

मी कपाळाला हात लावला. यमी आल्यापासून सोळा वर्षांत दोघींनी सबंध स्वयंपाक एकटीनं कधी केलाच नव्हता. वेगळी चूल मांडायची म्हटल्यावर त्यांना वेगळं सुचलंही ते एवढंच, की एकीनं इथं भाकरी करायची आणि दुसरीनं तिथं कालवण. साहेब पोट धरून हसले, भाकरी खाल्ली, वर आणखी अर्धी मागून घेतली आणि कागदावर लिहिलं, कुटुंब एक.

साहेब उतरल्यावर शीतलनं मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, तुम्ही? मला इतिहासाच्या पेपरात कॉपी करू दिली नव्हतीत तुम्ही!" माझ्याच विद्यार्थिनीसमोर मी खाली मान घालून उभी होते.

तेवढ्यात आत आवाज चढले होते. एकच घर म्हटल्यावर आता एकच नाव, आणि उद्या ग्रामसभा. कमळू दारात बसून म्हणत होता, "माज्याच नावावर करा, म्हंजे भांडान मिटलं."

"तू गप रं," दोघी एकदमच म्हणाल्या.

मग चांगुणा बोलली. "मला नाव पायजे. सरळ सांगते. हा गेला तर भाऊकी म्हनंल, तुला पोर नाय, तू जा म्हायेरी. म्हायेरात माजं कोन हाय? भाऊ गेला, भावजय ओळख देत नाय. ह्या वयात मी कुनाच्या दारात उभी ऱ्हाऊ?" तिचा आवाज जराही कापला नाही.

"न् माज्या पोरांचं काय?" यमी म्हणाली. "मला समदे दुसरी म्हनतात. उद्या पोरांना पन दुसरीची पोरं म्हनतील. कागदावर माजं नाव नसलं तर मी हाय कोन?"

दोघींचंही खरं. आणि इथं, वाचकहो, माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. मी उभी राहिले आणि निकाल दिला. पहिलं लग्न चांगुणाचं, हक्क पहिला तिचा, कायद्याच्या दृष्टीनं पहिली ती पहिली, यमीच्या पोटी मुलगा आहे, तिला तो सांभाळेल. पाचेक मिनिटं बोलले असेन. मुद्देसूद बोलले. कमळू मान डोलवत होता.

यमीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी कोन, बाय? फुकटची?" हंडा उचलला आणि झऱ्याच्या वाटेला लागली.

मला वाटलं, चांगुणा तरी माझे आभार मानेल. ती माझ्यावर भडकली. "तिला का दुखावलंव तुमी? मी माजं मागते, तिचं काढून द्या म्हनले का? सोळा वर्सं ती माज्या हातची भाकर खाते. तुमी आलाव काल, न् आज तिला फुकटची केली!" असं म्हणून तीही यमीच्या मागे गेली.

घरात मी आणि कमळू. त्यानं कानावरची विडी काढली, पेटवली नाही, परत कानावर ठेवली. "तुमी शिकलेल्या हायती," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला, "होतं असं कदीमदी."

मला फार लाज वाटली. परवा मोठ्या तोंडानं मी सांगत होते, की जनानखाना चालतो तो भिंतींवर नाही. मानाची जागा एकच ठेवायची आणि तिच्यासाठी बायकांना एकमेकींशी झुंजवायचं, त्याच्यावर चालतो. आणि आज एका घरात बसून मी तेच केलं होतं. त्या दोघी सोळा वर्षं झुंजल्या नव्हत्या. मी येऊन एका दिवसात झुंज लावली. आणि उद्या ह्या भांडणापायी घर कमळूच्या, म्हणजे त्याच्या भावांच्या घशात गेलं तर त्यात माझा वाटा असणार होता.

दिवेलागणीला दोघी परतल्या. काय बोलल्या झऱ्यावर, देव जाणे. मी यमीला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "जेवा." पडवीतली चूल तिनं मोडली आणि दगड परसात नेऊन टाकले.

खालचं गाव, २६ जानेवारी

शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली गेली आणि व्हरांड्यात ग्रामसभा बसली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, तीही एका कडेला. मी बायकांत बसले आणि मनाशी पक्कं ठरवलं, की आज तोंड उघडायचं नाही. चांगुणा आणि यमी माझ्या पुढेच, खांद्याला खांदा लावून. दोघींनी धुवट लुगडी नेसली होती आणि चांगुणानं केसांत फूल माळलं होतं.

पाण्याची टाकी झाली, रस्ता झाला, मग शीतलनं घरकुलाचा विषय घेतला. "कमळूच्या घराचं नाव ठरवायचंय. ह्या घरातल्या बायकांचं म्हणणं आधी ऐकू."

एका खुर्चीतून आवाज आला, "बायकांचं काय ऐकायचं, त्यांचं कालपास्नं भांडान चाललंय. कमळूचं नाव लावा न् फुडं चला." दोन-तीन माना हलल्या. त्यातली एक कमळूच्या थोरल्या भावाची.

यमी उभी राहिली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नसणार, पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. "आमचं भांडान नाय. पयल्या ओळीत चांगीबायचं नाव लिवा."

खुर्च्यांमध्ये सुटकेचा श्वास. "चला, मिटलं! लिहा मॅडम. आणि खाली कमळू."

"कमळू नाय," यमी म्हणाली. "खाली माजं लिवा."

मी वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. सगळी सभाच तसं करत असावी, कारण कोणी हललं नाही. पहिल्या ओळीवरून आम्ही दोन दिवस डोकी फोडत होतो, मी, शीतल, साहेब, सगळी वाडी. दुसरी ओळ नवऱ्याची, हे आम्ही सगळ्या शिकल्यासवरल्यांनी धरूनच चाललो होतो.

"असं कसं?" भाऊ उठला. "दुसरी ओळ नवऱ्याची असते."

शीतलनं अर्ज डोळ्यांजवळ नेला. माझी थरथरणारी पोरगी! तिनं एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "सहमालकाचं नाव, कुटुंबातील व्यक्ती. एवढंच लिहिलंय. नवरा असं कुठं लिहिलेलं नाही. आणि कुटुंब एक आहे, हे साहेबांनी कालच लिहून दिलंय." कालची ती कालवणाची फजिती अशी कामाला आली.

"मंग मी कुठं?" कमळूनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून.

चांगुणा बसल्या जागेवरून मागे वळली. "ऱ्हा की आमच्याकडं. तुला कोन हाकलतंय?"

बायकांच्या बाजूनं जो हशा उठला तो थांबेचना. खुर्च्यांवरही काही जण तोंड वळवून हसले. शीतलनं ठराव मांडला, हात वर करा म्हणाली. सतरंजीवरचे हात भराभर वर गेले, चांगुणाचा सगळ्यात उंच. आपण पाहुणे आहोत हे विसरून माझाही गेला, तो शीतलनं डोळे वटारून खाली घ्यायला लावला. पुरुषांतले काही हात आले, काही नाही. मग कमळू उठून उभा राहिला. त्यानं भावाकडे बघितलं, बायकांकडे बघितलं आणि हात वर केला. ठराव मंजूर झाला.

अर्जावर यमीनं सही केली, चांगुणानं अंगठा उठवला. शाईचं बोट तिनं पुसलं नाही. यमीला दाखवलं, मला दाखवलं, शेवटी शीतलला दाखवलं आणि मग तिला रडू फुटलं. यमी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गप गं, आता घर बांधायचं हाय, रडतेस काय!" मीही रडले. कशाला लपवायचं.

दुपारी परत निघाले. जीपपर्यंत सोडायला कमळू आला, माझी बॅग खांद्यावर घेऊन. चालता चालता त्यानं विचारलं, "बाय, तुमच्याकडं घर कोनाच्या नावावर?"

यजमान गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, कागदांची कटकट तू कशाला घेतेस." मी मान हलवली आणि त्यानं पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही केली. साडेतीनशे वर्षांचा इतिहास मला तोंडपाठ, आणि माझ्याच घराचा कागद मी वाचूनसुद्धा बघितला नव्हता.

"मुलाच्या," मी म्हटलं.

"न् तुमी?"

"मी त्याच्याकडे राहते."

कमळू थांबला. त्यानं माझ्याकडे अशा मायेनं बघितलं, की मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. "नीट ठेवतो ना पोरगा?" त्यानं हळूच विचारलं.

ठेवतो. फार चांगला आहे माझा मुलगा. तरी कशेळ्याच्या नाक्यावर उतरल्या उतरल्या मी त्याला फोन लावला. "आई, कशी आहेस? जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"जेवले. कालवण-भाकरी. आणि हे बघ, घराचे सगळे कागद कपाटातून काढून टेबलावर ठेव. मी येतेय, आल्यावर आपण दोघं बसून वाचू. मला नाव पाहिजे."